न पिणाऱ्याचं परमिट

माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात दारूचा थेंब तोंडात घेतला नाही, आणि सरकारदरबारी मात्र त्यांची नोंद जुना, मुरलेला पिणारा अशी होती. ती नोंद कुणी आकसाने केलेली नव्हती. सकाळची पूजा झाल्याशिवाय चहालाही न शिवणाऱ्या त्या गृहस्थाने स्वतःच, स्वतःच्या वळणदार अक्षरात अर्ज लिहून ती करून घेतली होती. वर डॉक्टरचा दाखला जोडला होता. मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची होते, आणि अर्जाचा खर्डा पक्का होत असताना त्याच टेबलाशी बसून भरतकाम करत होते, त्यामुळे हे ऐकीव नाही.

हे कसं घडलं ते सांगायचं तर आधी गिरगाव सांगायला हवं.

गिरगावातल्या आमच्या चाळीत दारू हा शब्द उच्चारायची पद्धत नव्हती. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ पीत. ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा विषय निघाला की बायका म्हणत, "त्यांना पोटाचा त्रास आहे." तो त्रास महिन्यातून एकदा जोरात उठे. मग त्यांची बायको चार दिवस खाली मान घालून नळावर येई आणि बाकीच्या तिला मुद्दाम आधी पाणी भरू देत, कारण दया दाखवायची तेवढी एकच संधी त्यांना मिळायची. हे गृहस्थ सोडले तर अख्खी चाळ निर्व्यसनी. मला त्याचा फार अभिमान होता. पुढे उमगलं, की त्या निर्व्यसनीपणात आमचं कर्तृत्व बेताचंच होतं. एका लांब गॅलरीवर वीस बिऱ्हाडं. घरी येणारा माणूस वीस दारांवरून जाणार, प्रत्येक दारात कुणीतरी तांदूळ निवडत बसलेलं, आणि प्रत्येकाला नाक. आमची सगळी नीतिमत्ता त्या गॅलरीवर उभी होती, आणि आम्ही मात्र ती आपल्या संस्कारांच्या खात्यावर मांडत होतो.

स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांत दारूबंदी आली तेव्हा चाळीने पेढे वाटले. ज्यांना सोडायचं काहीच नव्हतं त्यांना त्यागाचं पुण्य फुकटात मिळालं. वडील तर म्हणाले, "आता देश सुधारणार." वडिलांना देश सुधारायची नेहमीच घाई असे.

मग त्यांच्या कंपनीने अंबरनाथला नवा कारखाना घातला आणि वडिलांना तिथल्या स्टोअरचे असिस्टंट म्हणून पाठवलं. आम्हाला तीन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. पुढे अंगण, अंगणाला मेंदीचं कुंपण, आणि शेजारच्या क्वार्टरचा दरवाजा तीस पावलांवर. आई पहिल्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "इथे मेलं तरी कुणाला कळायचं नाही." तिला ते भीतीचं वाटलं. कॉलनीतल्या इतर लोकांना मात्र त्या तीस पावलांचा उपयोग चांगला कळलेला होता.

दर शनिवारी संध्याकाळी मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर अधिकाऱ्यांची बैठक असे. बैठक म्हणजे कामाची नव्हे, व्हरांड्यातली. पाच वाजता चहा, बिस्किटं, हवापाण्याच्या गोष्टी. सहा वाजले की साहेबांचा नोकर ट्रेमध्ये ग्लास घेऊन येई, आणि ज्यांच्याकडे परमिट नाही त्यांनी तेव्हा उठायचं. साहेब कायद्याला धरून चालणारे होते. परमिट नसलेल्याला पाजणं हा गुन्हा, त्यामुळे साहेब अगदी दिलगिरीच्या सुरात म्हणत, "माफ करा हं, सरकारचा हुकूम." परमिटवाले बसून राहत आणि बिनपरमिटवाले चपला शोधत. कुणाला बढती द्यायची, कुणाचं क्वार्टर बदलायचं, हे सगळं सहानंतर ठरे. गरिबांची दारू सुटावी म्हणून आणलेल्या कायद्याने आमच्या कॉलनीत एवढंच केलं, की साहेबांच्या व्हरांड्यात एक वरची पंगत आणि एक खालची पंगत पाडली.

वडील वर्षभर सहाच्या ठोक्याला उठले. शनिवारी ते घरी येत तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नसे. आईने एकदा म्हटलं, "अहो, चहा मिळतो ना, मग झालं." त्यावर ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. शेवटी त्यांनी परमिट काढायचं ठरवलं.

आता परमिट मिळायचं कुणाला? ज्याला पुष्कळ वर्षांची सवय आहे आणि ती एकदम तुटली तर ज्याच्या प्रकृतीवर गंभीर परिणाम होईल, त्याला. म्हणजे सरकारला आधी पटवून द्यायचं की मी पक्का पिणारा आहे. टेबलाशी बसून वडील आईला विचारत होते, "हात थरथरतात असं लिहू, की झोप लागत नाही असं लिहू?"

"मला काय विचारताय?" आई म्हणाली. "मी तुम्हाला पिताना कधी बघितलंय?"

"पण साधारण काय होतं लोकांना?"

"गिरगावातल्या त्यांना विचारा, पोटाच्या त्रासवाल्यांना."

वडिलांनी तिन्ही लिहिलं. झोप, थरथर आणि पोट. डॉक्टरने नाडीसुद्धा न बघता दाखला दिला. महिन्या-दोन महिन्यांत परमिट आलं, आणि त्या शनिवारी वडील सहा वाजून गेल्यावरही खुर्चीत बसून राहिले. आदल्या दिवशी घरी कोरा चहा ग्लासात घेऊन, आरशासमोर बसून त्यांनी ग्लास धरायचा सराव केला होता. मी हसले तर मला खोलीबाहेर काढलं. व्हरांड्यात सहा ते आठ ते एकच ग्लास हातात धरून बसत, अधूनमधून ओठांना लावत. इतरांच्या ग्लासातलं कमी होत जायचं, वडिलांच्या ग्लासातलं बर्फ वितळून वाढायचं. कुणाच्या लक्षात आलं नसेल असं नाही. पण तिथे पिण्याला किंमतच नव्हती. पिता येण्याचा कागद जवळ असण्याला होती.

पंचाईत पुढेच होती. परमिटवर मिळणारा माल उचलला नाही, तर याला गरज नाही असं ठरून पुढच्या वर्षी परमिट नाकारलं जाण्याची भीती. त्यामुळे दर महिन्याला ब्रँडीची बाटली घरात येऊ लागली. वडिलांचा जन्म स्टोअरमध्ये गेलेला. कोणतीही वस्तू आली की तिला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची, तिच्यावर वस्तूचं नाव आणि नंबर घालायचा, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. त्यांनी बाटल्यांनाही चिठ्ठ्या बांधल्या. 'ब्रँडी – १', 'ब्रँडी – २'. कारखान्यात खिळ्याच्या डब्यालाही याच अक्षरातली चिठ्ठी असे.

बाटल्या कधी कुठे राहायच्या हे पाहुण्यावर ठरे. साहेब यायचे असले की त्या काचेच्या कपाटात पुढे, ओळीने. गिरगावाहून आत्या यायची असली की सगळ्या तांदळाच्या पिंपात आणि परमिट ट्रंकेच्या तळाशी. एकदा दोघंही एकाच रविवारी आले. त्या दिवशी मी आणि आईने कपाटापुढे पडदा ओढण्याची आणि सारण्याची जी धावपळ केली, ती आठवली की आजही मला आमची कीव येते. आत्या म्हणाली, "घर छान आहे, पण तुमच्याकडे सारखं काय गं चाललेलं असतं?"

माझ्या लग्नाचं बघत होते. ठाण्याचं एक स्थळ होतं. घरंदाज, वडीलधारे करडे. त्यांची पहिली अट कुणीतरी येऊन सांगितली होती: घरात कसलंही व्यसन नको. त्या दिवसापासून परमिट ट्रंकेच्या तळाशीही सुरक्षित वाटेनासं झालं. वडिलांना ते हवंही होतं आणि नकोही होतं, आणि या दोहोंत आपण काही लबाडी करतो आहोत असं त्यांच्या मनाला शिवलंदेखील नाही.

माणूस पितो की नाही, आणि पिण्याला पाप म्हणतो की प्रतिष्ठा, हे त्याच्या दाराबाहेर काय आहे यावर ठरतं, असं माझं तेव्हापासून मत झालं. लग्नासाठी कापड जमवून ठेवायला आम्ही उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात जात असू. तिथे फाळणीनंतर आलेल्या एका सिंधी बाईचं दुकान होतं. एकदा दारूबंदीचा विषय निघाला तशी ती हसून म्हणाली, "बेन, उधर मुलुक में ससुरजी रोज शाम को आँगन में बैठ के पीते थे, सब के सामने. कोई शरम नहीं. इधर बराक में टाट का परदा है. परदे के इस तरफ बहू, उस तरफ बहू. बुड्ढे ने छोड़ दी." सरकारला जमलं नाही ते एका गोणपाटाने केलं. आमच्या वडिलांच्या कुंपणाने नेमकं उलटं केलं होतं. मी हे घरी बोलून दाखवलं, तर वडील म्हणाले, "त्यांची गोष्ट वेगळी." आमची गोष्ट नेहमीच वेगळी असायची.

धुणंभांडी करायला आमच्याकडे एक मावशी येत. मावशी मी म्हणायची. आई त्यांना 'अगं' म्हणे, त्या आईपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या असूनही. बदलापूरच्या बाजूच्या एका पाड्यातून त्या चालत येत. आमचा कारखाना उभा होता त्या जागेत त्यांच्या सासऱ्याचं भाताचं शेत होतं. शेत गेलं, त्याच्या बदल्यात घरातल्या एका माणसाला कारखान्यात नोकरी मिळाली. तो माणूस म्हणजे मावशींचे यजमान, वडिलांच्या स्टोअरमध्ये हमाल. त्या घराचं शेत म्हणजे आता ती एक नोकरी होती. त्यावर सहा माणसं जेवत होती.

त्यांच्या पाड्यात मी एकदा एका हळदीला गेले होते. मांडवात धवलारीण, म्हणजे लग्नातली गाणी म्हणणारी आणि विधी सांगणारी म्हातारी, बसली होती. तिने वाटीत बोट बुडवून दारूचे तीन थेंब जमिनीवर सोडले, देवाला आणि मेलेल्या वाडवडलांना. मग वाटी म्हाताऱ्यांकडे गेली, तिथून बायकांकडे, आणि हळद लागायला सुरुवात झाली. कुणी लपवलं नाही, कुणी मिरवलंही नाही. मी गिरगावची. नाकाला पदर लावून बसले होते. ते लोक साधुसंत होते असं मी म्हणत नाही. तिथेही एक जण बायकोला मारायचा. पण पाड्यातले लोक "तो पितो" असं म्हणत नसत, "तो बायकोला मारतो" असं म्हणत. आमच्याकडे हे नेमकं शब्दांत पकडायला एवढी शिकलेली माणसं होती, आणि एकालाही जमत नव्हतं.

मावशींच्या मुलीचं लग्न ठरलं. हळदीच्या दोन दिवस आधी त्या आईजवळ येऊन घोटाळल्या. मग म्हणाल्या, "बाय, मागनं बरा नाय दिसत, पन मागतंय. हलदीच्या आदी देवाला थेंब दावाला लागतं. आदी घरातच करीत व्हतो मोहाची. आता पोलिस भट्ट्या फोडतात, आन् गल्लीत जी मिलते ती इखार हाय. बुवापाड्यात त्या दिशी एकाचे डोले गेले. देवाला तसली कशी दावू? तुमच्याकडं कपाटात हाय ना, त्यातली वाटीभर द्या."

आईला त्या बाटल्यांचा मनस्वी तिटकारा होता. घरातून एक तरी कमी होतेय, आणि तीही देवाच्या कामाला, याचा तिला आनंदच झाला. तिने वाटीभर न देता अख्खी बाटली फडक्यात गुंडाळून दिली. मावशींना अजून दोन घरची भांडी उरकायची होती, आणि देवाची बाटली घेऊन दारोदार कसं फिरायचं, म्हणून त्यांनी ती रस्त्यावरून कामावर जाणाऱ्या यजमानांच्या हाती दिली. कारखान्याच्या गेटवर कुणाची झडती होत नसे. त्यांनी ती जेवणाच्या पिशवीत घातली. स्टोअरमध्ये पिशव्या ठेवायची जागा चपलांशेजारी होती. देवाची वस्तू चपलांशेजारी कशी ठेवायची? त्यांनी ती फडक्यासकट कपाटावर, भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीखाली ठेवली. दुसरा कुणी असता तर त्याने ती पोत्याखाली दडपली असती आणि सुखरूप बाहेर नेली असती. कपाटावरचं फडकं मुकादमाने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. टेबलाच्या एका बाजूला मोठे साहेब, कामगार अधिकारी आणि वडील. दुसऱ्या बाजूला हमाल उभा. मध्ये बाटली. बाटलीच्या गळ्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर वळणदार अक्षरात 'ब्रँडी – ४'. आईने देताना ती काढायची राहिली होती आणि नेणाऱ्यांना वाचता येत नव्हतं. टेबलामागच्या तिघांना मात्र चांगलं येत होतं. ते अक्षर रोज त्यांच्या हाताखालून शंभर वेळा जात होतं.

हे सगळं वडिलांनीच त्या संध्याकाळी जेवताना सांगितलं. सांगताना त्यांचा जीव भांड्यात पडलेला दिसत होता.

"साहेबांनी बाटली उचलून बघितली," ते म्हणाले. "मग अशी फिरवून ठेवली की चिठ्ठी भिंतीकडे गेली. एक अक्षर बोलले नाहीत. फार समजूतदार माणूस."

"आणि तिच्या नवऱ्याला काय विचारलंत?" आईने विचारलं.

"कुठून आणलीस म्हणून. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, वाटेत गावली साहेब. तीनदा विचारलं, तीनदा हेच."

"मग?"

"मग काय? कारखान्याच्या आवारात दारू. काढून टाकला. पोलिसांत दिलं नाही, ही साहेबांची दया." पोलिसांत दिलं असतं तर पोलिस सगळ्या परमिटवाल्यांच्या कपाटांपर्यंत आले असते, हे दयेचं कारण वडिलांनी सांगितलं नाही. पण ते न कळण्याइतकी मी बावळट नव्हते.

आई ताटावरून उठली. "मी साहेबांच्या बाईंकडे जाते. मी दिली म्हणून सांगते."

"जा," वडील म्हणाले. "परमिट नसलेल्याला दारू दिली, म्हणून खटला तुझ्यावर होईल. पेपरात नाव छापून येईल. आणि ठाण्याच्या मंडळींना काय सांगायचं?"

आईने माझ्याकडे पाहिलं. एवढंच. मी एक शब्द बोलले असते तर ती गेली असती, हे मला तेव्हाही कळत होतं. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्या वेळी मी काहीतरी म्हणाले होते. काही म्हणाले नव्हते. मी ताटातली आमटी भातात कालवत बसले. आई परत पाटावर बसली.

वडील हात धुता धुता म्हणाले, "आणि असं बघ, आज नाही तर उद्या तो सापडलाच असता. या लोकांच्या रक्तातच असते." मी माझ्या वडिलांचा आयुष्यात इतका तिरस्कार पुन्हा कधी केला नाही. तो तिरस्कार करत करत मी ताकभातही जेवले.

हळदीनंतर मावशी परत कामावर आल्या. न येऊन सांगतील कुणाला? आता घरात येणारं तेवढंच होतं. आई त्यांच्याकडे बघू शकत नव्हती. ती उगाच डबे पुसत राहिली. शेवटी तिने विचारलं, "हळद झाली का गं?"

"झाली."

"आणि देवाचं?"

"पानी दावलं," मावशी राख हातावर घेत म्हणाल्या. "देव काय बोलतंय? तो पन गप बसला."

आईला रडू कोसळलं. मावशींनी तिची समजूत काढली. ज्या बाईच्या पोटावर आम्ही पाय दिला तीच आमच्या स्वयंपाकघरात आम्हाला सांगत होती, "बाय, रडू नको, तुझा काय दोस? तुझं नाव कसं सांगाचं? तुझ्या पोरीचं जमाचं हाय." त्यांच्या घरात चौकशीच्या आदल्या दिवशी हेच ठरलं होतं. त्या घरात माझ्या लग्नाचा विचार झाला होता. आमच्या घरात त्यांच्या नोकरीचा विचार कुणी केला होता?

मावशींच्या यजमानांना पुढे उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका वर्कशॉपात लोखंड उचलायचं काम मिळालं, तेही रोजावर. वर्षातून चार वेळा, देवाच्या निमित्ताने, वाटीतून घोट घेणारा तो माणूस. तिथे देव नव्हता, धवलारीण नव्हती, वाटी फिरवणारी म्हातारी माणसं नव्हती. वर्कशॉपांच्या मागच्या बोळात सायकलच्या ट्यूबमध्ये भरून आणलेली दारू होती, आणि ती उभ्या उभ्या, पोलिस यायच्या आत, घशाखाली ओतायची होती. पावसाळा संपेपर्यंत ते रोज पिऊ लागले. एकदा कॉलनीच्या रस्त्यावर पडलेले दिसले. कॉलनीला मोठा विजय मिळाल्यासारखं झालं. सगळे वडिलांना म्हणाले, "तुमची पारख बरोबर होती." वडिलांनीही ते नम्रपणे मान्य केलं. आपणच ओतलेलं पाणी अंगणात साचल्यावर, जमीनच ओली आहे, असं म्हणण्यातला तो प्रकार होता.

दसऱ्यानंतर ठाण्याची मंडळी मला बघायला आली. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक काका. वडील नवा कोट घालून बसले. आईने पोहे केले. मावशी मागच्या मोरीशी भांडी घासत होत्या, कारण त्या दिवशी भांडी नेहमीपेक्षा जास्त पडणार होती आणि आईने त्यांना थांबायला सांगितलं होतं. मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात, बोलावण्याची वाट बघत उभी होते. बाहेरचं प्रत्येक अक्षर आत ऐकू येत होतं.

मुलाचे वडील म्हणत होते, "आम्ही तुमच्याबद्दल सगळी चौकशी केली बरं का. स्पष्ट सांगतो. हल्ली कारखान्यातल्या अधिकाऱ्यांच्या घरी काय काय चालतं ते ऐकून आम्ही जरा साशंक होतो."

"साहजिक आहे," वडील म्हणाले.

"पण तुमच्याबद्दल एकच गोष्ट कानावर आली आणि आमचं मन निःशंक झालं. तुमच्या हाताखालचा माणूस दारूसकट सापडला, तर तुम्ही क्षणाचाही विचार न करता त्याला घरी बसवलंत म्हणे. जुना माणूस होता तरी. आणि तो आता कुठेतरी पिऊन पडलेला असतो म्हणतात. म्हणजे तुम्ही ओळखलंत ते खरंच. ज्या घरात दारूबद्दल इतकी चीड, त्या घरातली मुलगी डोळे मिटून करावी, असं मी हिला म्हटलं."

"तत्त्वाचा प्रश्न होता," वडील म्हणाले.

मोरीशी भांडं घासल्याचा आवाज थांबला होता. मी वळून पाहिलं. मावशी राखेचे हात तसेच धरून उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आई चुलीकडे तोंड करून उभी होती, तिने मागे वळून पाहिलं नाही. माझ्या हातातला ट्रे मी खाली ठेवू शकत होते. चार पावलांवर बाहेरची खोली होती. बाटली आमची होती, एवढं तीन शब्दांचं वाक्य होतं, आणि ते ऐकायला या वेळी समोर नेमकी तीच माणसं होती ज्यांच्या भीतीने ते दाबलं होतं.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार याची त्या वाट बघत होत्या असं मला वाटलं. मी हलले नाही. मग त्यांनीच राखेचा हात हलवून मला बाहेर जायची खूण केली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "जा बाय, चा निवंल."

मी बाहेर गेले. कप एकेकाच्या पुढे ठेवले, आधी मुलाच्या वडिलांपुढे, कारण त्यांचा मान मोठा. मग कोपऱ्यात उभी राहिले. मला मान वर करता येत नव्हती.

"मुलीला वळण छान लावलंय हो," सासूबाई म्हणाल्या, आणि मी पुढे होऊन त्यांना वाकून नमस्कार केला.